रेडिओचोराचं नाव काय?

बंदूक रोखली की माणूस घाबरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोलीस चौकीतल्या बाकड्यावर रात्र काढलेली नाही. बंदूक सिनेमात असते. आपल्या वाट्याला येते ती वही. हवालदाराच्या टेबलावरची, कोपरे मुडपलेली, निळ्या शाईने भरलेली. ती वही उघडताना जो आवाज होतो तो ज्या दिग्दर्शकाला ऐकू येतो त्याला थ्रिलर काढता येतो. बाकीचे नुसत्या मोटारी उडवतात.

लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात अभ्यासवर्ग सुटल्यावर टपरीवर भांडण झालं. आमचा एक मित्र कॉलेजात शिकवतो. माणूस चांगला आहे, चळवळीत पैसे देतो, पण बोलताना सारखा चष्मा पुसतो. तो म्हणाला, “कवी, तू गोदीत घाम गाळतोस, कविता लिहितोस, आणि रात्रपाळीत मोबाईलवर खुनाचे पिक्चर बघतोस? ही प्रस्थापितांची अफू आहे. भूक विसरायला लावणारी.” मला तिथं उत्तर देता आलं नाही. टपरीवर मला मुद्दे सुचत नाहीत, शिव्या सुचतात. म्हणून हे कागदावर.

अफू असती तर झोप लागली असती, मित्रा. मला चांगला थ्रिलर बघितला की झोप लागत नाही.

आधी कारागिरीचं बोलू. कारागिरी आम्हाला कळते. आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकाने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला लांबलचक मुलाखत दिली. तिच्यात त्याने साधी गोष्ट सांगितली. टेबलाभोवती माणसं बसलीत, टेबलाखाली बॉम्ब आहे, आणि हे कोणालाच माहीत नाही. धडाम्! बघणारा पंधरा सेकंद दचकतो, खेळ खलास. आता तोच बॉम्ब बघणाऱ्याला आधी दाखवा. घड्याळ दाखवा. आणि टेबलावरच्या माणसांना काहीतरी फालतू बोलत बसू द्या. मग बघणारा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो, आतून ओरडतो, अरे उठा भाड्यांनो, खाली बघा!

गोदीत हे रोजचं आहे. वर विंचवाल्याला दिसतं की वायररोपचा एक पदर तुटलाय. खाली हॅचमध्ये उभा असलेला माणूस तंबाखू मळतोय. त्याच्या डोक्यावरून दोन टनांचा माल झुलत चाललाय. त्या वेळी विंचवाल्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो ओरडत नाही. ओरडला तर खालचा वर बघेल, दचकेल, चुकीच्या बाजूला सरकेल. तो दात आवळतो आणि हात जितका सावकाश चालवता येईल तितका चालवतो. जगातला कुठलाही नट त्या चेहऱ्यावरून शिकावा.

पण हिचकॉकच्या गोष्टीत एक गोष्ट राहून गेलीय. टेबलाशी बसलेले लोक कोण? ते मेले तर कोणाचं काय जातं? आमच्या हॅचमधला मेला तर ठेकेदाराच्या यादीतलं एक नाव खोडलं जातं आणि दुसऱ्या पाळीला त्याच जागी दुसरा उभा असतो. तेव्हा नुसता बॉम्ब ठेवून भागत नाही. ज्याच्या बुडाखाली बॉम्ब आहे त्या माणसाचा संसार, त्याचा उधारीचा वाणी, त्याची आई बघणाऱ्याला ओळखीची व्हायला हवी. पिक्चर धरून ठेवतो तो तिथं. आणि बहुतेक पिक्चर सुटतात तेही तिथंच.

गोदीतला म्हणून मला सगळे ‘दीवार’ विचारतात. १९७५ साली यश चोप्राने काढलेला, सलीम-जावेदने लिहिलेला, माझ्या जन्माच्या आधीचा पिक्चर. मला बापाने दाखवला. त्यात अमिताभ गोदीत हमाल आहे, आणि तिथं गुंडांना हप्ता जातो. हप्ता द्यायला नकार देणारा एक पोरगा जीव गमावतो. मग विजय नकार देतो. गुंड त्याला सगळीकडे शोधतायत आणि हा त्यांच्याच गोडाऊनात पाय ताणून बसलाय, त्यांची वाट बघत. ते आले की दाराला आतून कुलूप घालतो आणि किल्ली त्यांच्या म्होरक्याकडेच फेकतो. लोकांना त्यानंतरची हाणामारी आठवते. मला ते बसणं आठवतं. मेलेला पोरगा आपण आधी बघितलाय म्हणून त्या किल्लीला वजन आहे. नाहीतर लोखंडाचा तुकडा.

पण पुढं काय होतं? पिक्चर गोदी सोडून जातो. विजय सूट घालतो, गाडीत बसतो, मोठ्या हॉटेलात जातो, आणि हमालांमधलं फक्त एक बरोबर नेतो: ७८६ नंबरचा बिल्ला. तोही गोळी अडवायला! बाकीचे हमाल मागेच राहिले. हप्त्याचं पुढं काय झालं ते कोणी विचारलं नाही. मी बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, “पिक्चर आहे, गप बघ.”

हमालांना मागे न टाकणारा पिक्चर अमेरिकेत १९५४ साली निघाला. ‘ऑन द वॉटरफ्रंट’. न्यूयॉर्कला लागून नदीच्या पलीकडे होबोकेन म्हणून गाव आहे, तिथल्या धक्क्यांवर खऱ्या गोदीवाल्यांना घेऊन चित्रित केलेला. माल्कम जॉन्सन या बातमीदाराने १९४८ साली तिथल्या गोद्यांमधल्या गुंडगिरीवर लेखमाला लिहिली होती, तिच्यावरून बड शुलबर्गने तो लिहिला, एलिया कझानने काढला. आठ ऑस्कर मिळाली. मी ऑस्कर बघून पिक्चर बघत नाही. मी त्यातली सकाळ बघून चाट पडलो. धुक्यात सगळे उभे आहेत, हातात आकडा, कॉलर वर केलेली, आणि मुकादम कामाचे बिल्ले जमिनीवर फेकतो. त्यानंतर माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हातारे, पोरं, कालपर्यंतचे दोस्त. आपल्याकडे गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा १९४८ साली झाला. त्याच्या आधी इथंही मुकादमाच्या बोटाकडे बघत उभं राहावं लागायचं, असं घरात सांगतात. आता मागच्या दाराने ठेकेदार आलाय आणि मी त्याच्या पोऱ्याच्या बोटाकडे बघतो. तो बिल्ले फेकत नाही, व्हॉट्सॲपवर नावं टाकतो. धक्काबुक्की तीच, फक्त दिसत नाही.

त्या पिक्चरची सुरुवात ऐका. टेरी मॅलॉय, म्हणजे मार्लन ब्रँडो, एका खिडकीखाली उभा राहून जोई नावाच्या पोराला हाक मारतो. तुझं कबूतर सापडलंय, गच्चीवर ये. जोई गच्चीवर जातो. गच्चीवर गुंड आहेत. जोई खाली पडतो. टेरीला वाटलं होतं, नुसता दम देतील. झालं. खून कोणी केला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, आता पुढं काय बघायचं? तर टेरी बघायचा. एक हाक मारली म्हणून माणूस आतून कसा कुजत जातो आणि बाहेरून च्युइंगगम चघळत फिरतो, ते. त्या मेलेल्या पोराची बहीण त्याच्याबरोबर चालतेय, तिचा हातमोजा पडतो, टेरी तो उचलतो आणि परत न देता झटकतो, बोलता बोलता स्वतःच्या जाड हातावर चढवतो. तो मोजा सरावात चुकून पडला होता आणि ब्रँडोने तसाच खेळात घेतला, असं कझान सांगायचा. मुद्दा असा की त्याला ती मुलगी जायला नको आहे आणि हे सांगायची भाषा त्याच्याकडे नाही. भाषा नसलेल्या माणसाचे हात बोलतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांची प्रेमं अशीच झालीत.

आणि ती टॅक्सी. सख्खा भाऊ टेरीवर पिस्तूल काढतो. दुसरा कोणी नट असता तर घाम, डोळे, मागून संगीत ढॅण्टढॅण. ब्रँडो घाबरत नाही. त्याला वाईट वाटतं. पिस्तूल तो बोटांनी हळूच बाजूला सारतो, लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी.

नटाचं काम म्हणजे भीती दाखवणं असं पुष्कळांना वाटतं. उलटं आहे. चांगला नट भीती लपवण्याची धडपड दाखवतो. आम्हाला हे कोणी शिकवावं लागत नाही. नाक्यावर पोलिसाने “ए, इकडे ये” म्हटलं की आमची चाल बदलते. फार जोरात चाललं तर पळतोय वाटेल, फार हळू चाललं तर माज वाटेल. हात खिशात नको. डोळे वर नको, खालीही नको. वीस पावलांचं अंतर, आणि त्यात आमचा प्रत्येक पोरगा जन्मभराची नाट्यशाळा करून बसलाय. म्हणून खोटा अभिनय आम्हाला पटकन ओळखू येतो. हिरो कोठडीत आहे, कपाळावर लाल रंगाची एक शोभिवंत रेघ आहे, आणि तो पोलिसाच्या डोळ्यात डोळे घालून टाळ्यांचं वाक्य बोलतो. आमच्या वस्तीत मोबाईलवर हा सीन लागला की पोरं हसतात.

कझानबद्दल एक सांगितलं पाहिजे. १९५२ साली त्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे आपल्या जुन्या कम्युनिस्ट सोबत्यांची नावं सांगितली. आणि दोन वर्षांनी पिक्चर काढला, ज्यात नाव सांगणारा हिरो! टेरी नाव सांगतो ते खुनी गुंडांचं. कझानने सांगितली ती मित्रांची. दोन्हीला एकच माप लावून त्याने आपले हात धुऊन घेतले, असं माझं मत आहे. तरी पिक्चर फेकून देता येत नाही. नाव सांगणाऱ्याच्या पोटात काय जळतं ते त्या माणसाला आतून माहीत होतं. मलाही माहीत आहे. त्यावर येतो, टाळणार नाही.

मध्येच एक जपानी पिक्चर सांगतो, कारण तो आपल्या लोकांनी बघायलाच हवा. अकिरा कुरोसावाचा, १९६३चा. इंग्रजीत नाव ‘हाय अँड लो’, जपानी नावाचा अर्थ स्वर्ग आणि नरक. टेकडीवर बुटांच्या कंपनीतल्या बड्या माणसाचा बंगला. त्याच्या पोराला पळवायचं म्हणून चुकून ड्रायव्हरच्या पोराला पळवतात, आणि फोन येतो: तरीही तीन कोटी येन दे. दिले तर साहेबाचं सगळं बुडतं. मग देईल का? स्वतःच्या पोरासाठी दिले असते. ड्रायव्हरच्या पोरासाठी? जवळजवळ तासभर हा पिक्चर एका दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही आणि माझा मोबाईल गरम झाला तरी मी हललो नाही. त्या खोलीत ड्रायव्हर कुठं उभा राहतो ते बघा. कडेला. मान खाली. पोरगा त्याचा गेलाय आणि उभं राहायला त्याला जागा नाही. मग पाया पडतो.

पुढं पैसे धावत्या गाडीतून टाकायचे ठरतं. बॅग सात सेंटिमीटरपेक्षा जाड नको, कारण गाडीच्या संडासाची खिडकी तेवढीच उघडते. असा नेमका आकडा दिला की थ्रिलर हाडात शिरतो. पण मला धरलं ते त्याच्या आधीच्या सीनने. चोराचा माग लागावा म्हणून पोलिसांना बॅगेच्या चामड्यात काहीतरी लपवायचं असतं. तेव्हा हा लक्षाधीश, तोशिरो मिफुने, आपली जुनी अवजारं काढतो आणि जमिनीवर बसून स्वतः चामडं शिवतो. मूळचा बूट शिवणारा कारागीर! पोलीस गप्प होऊन बघतात. त्याच्या पाठीत, मनगटात एकदम वीस वर्षांपूर्वीचा माणूस येतो. जपानातही चामड्याच्या कामाला विटाळ चिकटलेला होता, बुराकू म्हणून बाजूला टाकलेल्या वस्त्यांच्या माथी ते मारलेलं होतं. पिक्चर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण जमिनीवर बसून आरी चालवणारा बाप ज्याने बघितलाय, त्याला तो सीन वेगळा दिसतो. माझ्या शेजारच्या घरात असा बाप आहे.

आता घरचा पिक्चर. ‘अर्धसत्य’, १९८३. गोविंद निहलानीचं दिग्दर्शन, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि दिलीप चित्र्यांची कविता. मुंबईच्या पोलिसावर याच्यापेक्षा चांगला पिक्चर मी बघितलेला नाही. ‘सत्या’त मनोज बाजपेयीचा भिकू म्हात्रे जबरदस्त, मान्य, पण तो आवडून घ्यायला आलेला आहे. ओम पुरीचा सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर आवडून घ्यायला येत नाही. त्याला पुढं शिकायचं होतं, पोलीस खात्यातल्या बापाने खात्यात ढकललं. बाप अमरीश पुरी. बाप बायकोला मारायचा, पोरगा बघत राहायचा. तो राग पोराच्या जबड्यात बसलाय. ओम पुरी रागावतो तेव्हा आवाज चढायच्या आधी त्याचा जबडा सरकतो. आणि समोर सदाशिव अमरापूरकर, नगरकडचा नाटकवाला, रामा शेट्टी म्हणून. तो दरडावत नाही. हिशेब समजावून सांगावा तसा बोलतो. त्याला घाई नाही. सत्ता ज्याच्याकडे असते त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते. वेलणकर त्याला पकडायला जातो, शेट्टी एक फोन लावतो, आणि गणवेशातला माणूस मागे फिरतो. त्या परतीच्या पावलांत जेवढा थरार आहे तेवढा दहा पाठलागांत नाही.

आता खरा मुद्दा. पराक्रम वेलणकरने केलेला, श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं. तो पितो. आणि पिऊन, जळून, कोठडीतल्या एका माणसाला मारत सुटतो. रेडिओ चोरल्याचा आळ असलेला माणूस. मारता मारता तो मरतो. तिथून पिक्चर विचारतो: आता वेलणकरचं काय होणार? वाचेल का? कोणाचे पाय धरेल? आणि आपण, खुर्चीच्या टोकावर बसलेले, तेच विचारतो. मीही विचारलं. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझा सगळा जीव वेलणकरमध्ये अडकला होता.

त्या रेडिओचोराचं नाव काय, दोस्तांनो? तुमच्यापैकी किती जणांना आठवतं? तो कुठल्या झोपडपट्टीतला? त्याच्या घरी रात्री कोण जागं होतं?

निहलानी-तेंडुलकरांनी वेलणकरला मोकळं सोडलेलं नाही, त्याला शेवटी स्वतःचा गळा स्वतःच्या हाताने कापून घ्यावा लागतो असंच म्हणा. बनवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही. पण कॅमेरा गणवेशाच्या बाजूने उभा आहे. सज्ज्याच्या या बाजूला. त्या बाजूला जो लोळतोय त्याच्या मरणावर पिक्चरचा पुढचा सगळा थरार उभा राहतो, आणि थरार दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. आमच्या मजुरीसारखंच.

सज्ज्याच्या त्या बाजूला कॅमेरा नेता येतो का? येतो. तामिळमध्ये नेला. कोइमतूरचा एक रिक्षावाला, एम. चंद्रकुमार, त्याने स्वतः भोगलेल्या कोठडीवर कादंबरी लिहिली. रिक्षावाला, बरं का, प्राध्यापक नव्हे. तिच्यावरून वेट्रिमारनने ‘विसारणै’ काढला. २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. आंध्रातल्या गुंटूरमध्ये कामाला गेलेली तामिळ पोरं, बागेत झोपणारी. एका श्रीमंताच्या घरातल्या चोरीसाठी पोलिसांना कोणीतरी हवं आहे, म्हणून ही उचलली. पोरांना तेलुगू येत नाही. आपण कशासाठी मार खातोय हेच त्यांना कळत नाही! याला म्हणतात टेबलाखालचा बॉम्ब. फोडणारा तुमची भाषा बोलत नाही आणि त्याला फक्त एक ‘हो’ हवा आहे. पुढचा फटका कधी पडेल यापेक्षा हा पोरगा ‘हो’ म्हणेल का यात जीव अडकतो. दिनेश नावाच्या नटाने त्यातला पांडी केलाय. मार खाऊन उठताना तो आधी चप्पल शोधतो. असं मला वाटलं तरी, मी तिथं थांबवून दोनदा बघितलं.

‘जय भीम’ तुम्ही सगळ्यांनी २०२१ मध्ये बघितलात, नावामुळे बघितलात. त्याची सुरुवात मी कुठल्याही थ्रिलरच्या वर ठेवीन. तुरुंगातून सुटलेली माणसं दारात उभी आहेत, आणि एकेकाला विचारतात: जात? एक जात या बाजूला, जा घरी. दुसरी जात त्या बाजूला, तुमच्या नावावर जुन्या केसेस चढवायच्यात. पिस्तूल नाही, संगीत नाही. रांगेत पुढं सरकणारा माणूस आणि त्याच्या तोंडात येऊन अडकलेला एक शब्द. नंतर सूर्याचा वकील येतो, कॅमेरा त्याच्या पायांपासून वर चढतो, आणि माझी पकड ढिली होते, कारण आता वाचवणारा आला. लिजोमोल जोसची सेंगेणी तेवढी शेवटपर्यंत धरून ठेवते. पोलीस तिला जीपने घरी सोडतो म्हणतात, ती नाही म्हणते, पोर घेऊन चालत निघते, आणि जीप तिच्या मागे मागे. ती वळून बघत नाही. तिच्या पाठीचा अभिनय आहे तो.

आता माझं.

दोन वर्षांमागे आमच्या शेडमधून तांब्याच्या वायरचं एक भेंडोळं गेलं. माझ्या जोडीदाराला उचललं. जोडीदार म्हणजे गोणीचं दुसरं टोक. चार वर्षं आम्ही एका दमाने उचललं आणि एका दमाने टाकलं. मी त्याचा डबा घेऊन चौकीत गेलो. कुठल्या चौकीत ते विचारू नका, बाकडं सगळीकडे सारखंच असतं. बस म्हणाले, बसलो. आतून ओरडण्याचा आवाज आला असता तर बरं झालं असतं. आवाज नव्हता. पंखा होता. त्याचं एक पातं वाकडं, दर फेऱ्याला टक् व्हायचं. टक्. टक्. हवालदार भजी खात होता. मलाही दिली, आणि मी खाल्ली. अडीचच्या सुमाराला एकजण कागद घेऊन आला. नाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकून काही बोलला नाही, नुसतं “बरं” म्हणाला. मग म्हणाला, “मॅट्रिक आहेस ना? वाचता येतं ना? मग इथं सही कर.”

वाचता येत होतं, म्हणून वाचलं. पंचांसमक्ष आरोपीच्या खोलीतल्या माळ्यावरून तांबं काढून दिलं, असं लिहिलेलं. त्या खोलीत मी शंभर वेळा जेवलोय. तिथं माळाच नाही. मी म्हटलं, “साहेब, मी तिथं नव्हतो.” साहेब म्हणाले, “मग त्या रात्री कुठं होतास?”

एवढंच. आवाज चढवला नाही. रामा शेट्टीसारखाच.

माझी आजी अंगठा उठवायची. घरातला पहिला मॅट्रिक मी. बाबासाहेब म्हणाले, शिका. ते या सहीसाठी नव्हतं म्हणाले. मी सही केली. कवितेखाली करतो तशीच, लफ्फेदार. डबा परत घेऊन आलो.

म्हणून ब्रँडोच्या च्युइंगगमबद्दल मी एवढं बोलतो, मित्रा. तू चष्मा पुसत अफू म्हणालास. मी त्या रात्रीनंतर दोन महिने एक ओळ लिहिली नाही, आणि ‘वॉटरफ्रंट’ सात वेळा बघितला. टेरी खिडकीखाली उभा राहून हाक मारतो, तिथं मी प्रत्येक वेळी आवाज बंद करायचो.

जोडीदार एकवीस दिवसांनी जामिनावर सुटला. गोदीचा पास गेला. आता भाजीबाजारात पाट्या वाहतो. दोषारोपपत्राची नक्कल मिळाली तेव्हा वकिलाने त्याला वाचून दाखवली. पंच क्रमांक दोन, माझं नाव. म्हणजे त्याला माहीत आहे. त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे. आम्ही अजून एकाच ताटात जेवतो आणि पावसाबद्दल बोलतो.

या पावसाळ्यात एका रविवारी त्याच्या खोलीत आम्ही ‘अर्धसत्य’ बघितला, मोबाईल डब्याला टेकवून. तो पिक्चरमध्ये कधी बोलत नाही. वेलणकरने त्या माणसाला मारलं तेव्हाही काही बोलला नाही. पिक्चर संपला, त्याच्या बायकोने चहा टाकला, आणि मग तो म्हणाला, “कवी, तो रेडिओ सापडल्याचा पंचनामा झाला असेल ना? त्याचे पंच कोण होते?”

मी म्हटलं, “दादा, ते दाखवलेलं नाही.”

“असतील कोणीतरी,” तो म्हणाला, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

केस अजून उभी राहिलेली नाही. उभी राहील तेव्हा मला समन्स येईल, आणि मी कोर्टात सांगणार आहे की मी त्या खोलीत नव्हतो आणि त्या खोलीला माळा नाही. सरकारी वकील उठून म्हणेल, साक्षीदार फितूर झाला आहे. कायद्याच्या व्यवहारातला शब्दच तो आहे. टेरीलाही बोलल्याबद्दल त्याच्या वस्तीने असाच शब्द दिला होता, त्याची कबुतरं मारली होती. माझ्याकडे कबुतरं नाहीत, गोदीचा पास आहे.

जोडीदाराला मी हे तोंडाने सांगितलेलं नाही. तो आपला अंक वाचत नाही. त्याची पोरगी सातवीत आहे, ती वाचते.